पेंड गेली, कस गेला

१८८९ मध्ये ब्रिटिश सरकारनं डॉ. व्होल्कर या रसायनतज्ज्ञाला हिंदुस्थानची शेती बघायला पाठवलं. १८९३ च्या अहवालात त्यानं बजावलं, की अख्खं गळिताचं बी परदेशी धाडणं म्हणजे जमिनीचा कसच धाडणं.

हिशेब साधाय. तेल बनतं हवा-पाण्यातून. जमिनीतून उचललेलं नत्र, स्फुरद, पालाश पेंडीतच राहतं. भुईमुगाच्या पेंडीत नत्र सुमारे ७ टक्के, एरंडीच्या ४. एरंडीची पेंड विषारी, जनावराला चालत नाही, ती खतालाच. दख्खनच्या कालव्यांवरचे जुने ऊसवाले उसाला पेंड घालायचेच.

मग युरियाची गोणी स्वस्त झाली.

आज एरंडीची पेंड जहाजं भरून दक्षिण कोरियाला जाते. आणि आपण विचारतो, रानात दम का राहिला नाही?