चोक कुठे गेला?

गेल्या मे महिन्यात सोलापुरात आमची गाडी पीयूसीत नापास झाली. कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.3 टक्के, आमच्या कागदावरचा आकडा तिच्या कितीतरी पट. सायलेन्सरच्या तोंडाला काजळी, मागे उभं राहिलं की पेट्रोलचा वास, आणि लिटरला 16 किलोमीटर देणारी गाडी 11 वर आलेली. डॅशबोर्डवर मात्र एकही दिवा पेटलेला नव्हता.

गाडी 2011 ची, बाबांनी घेतलेली. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. आईला गाडी चालवता येत नाही, पण विकायचा विषय निघाला की ती उठून स्वयंपाकघरात जाते. मी नोकरीसाठी पुण्यात असतो, त्यामुळे गाडी महिन्यातून दोनदा माझ्याच हाताने निघते. एका मोठ्या वर्कशॉपने गाडी बघून सांगितलं, ‘ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, दोन्ही बदला.’ खर्च सांगितला तो गाडीच्या किमतीच्या निम्मा. म्हणजे गाडी विका, हेच जरा सभ्य भाषेत.

शेवटचा प्रयत्न म्हणून गाडी चाचांकडे नेली. चाचा बाबांच्या ओळखीचे, चाळीस वर्षांपासून गॅरेज चालवतात. फियाट आणि अ‍ॅम्बेसेडरच्या काळात कार्ब्युरेटर बसवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, असं बाबा सांगायचे. आता त्यांच्याकडे ब्रेक, क्लच, सस्पेन्शनची कामं येतात. ‘कॉम्प्युटरवाल्या’ तक्रारी ते दुसरीकडे पाठवतात.

त्यांनी गाडी सुरू करायला लावली, मागे जाऊन वास घेतला, सायलेन्सरच्या तोंडातून बोट फिरवलं आणि म्हणाले, “चोक ओढलेला राहिलाय हिचा.”

मला हसू आलं. “चाचा, या गाडीला चोकच नाही.”

“ते मला माहितीये. पण वास चोकचाच आहे. चोक कुठे गेला ते तू शोध. तू इंजिनीयर ना?”

त्या रात्री मी खरंच शोधायला बसलो. चोक कुठे गेला?

तुमच्यापैकी अनेकांनी चोक पाहिला असेल तर जुन्या स्कूटरवरच. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून सुरुवातीला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त द्यावं लागतं. चोक ओढला की कार्ब्युरेटरची हवा अडते आणि मिश्रण दाट होतं. इंजिन तापलं की चोक परत ढकलायचा. विसरलात तर काळा धूर, काजळी आणि पेट्रोलचा खप. इंजिन तापलं की नाही, हे ठरवणारा चालक असायचा. त्याचे कान आणि हात हाच सेन्सर.

हा अधिकार माणसाकडून का काढून घेतला गेला, याची गोष्ट सुरू होते लॉस एंजेलिसमध्ये. जुलै 1943 मध्ये या शहरावर इतकं दाट, डोळे चुरचुरवणारं धुकं उतरलं की युद्धाचे दिवस असल्याने लोकांना जपानने विषारी वायू सोडल्याची शंका आली. पुढे कॅलटेकमधले आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने कोडं सोडवलं. ते अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होते; तीच तंत्रं त्यांनी शहराच्या हवेला लावली. गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरणाच्या धुरातली न जळलेली हायड्रोकार्बन्स आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, हे त्यांनी 1950 च्या दशकात दाखवून दिलं. मोटार कंपन्यांना ते पचायला वेळ लागला. 1970 मध्ये अमेरिकेचा क्लीन एअर अ‍ॅक्ट आला आणि 1975 च्या मॉडेलांपासून तिथल्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दिसू लागले.

पण तिन्ही प्रदूषकं एकदम साफ करणारा कन्व्हर्टर भारी नाजूक. एक किलो पेट्रोलला साधारण 14.7 किलो हवा, या प्रमाणाच्या आसपासच तो नीट काम करतो. इतकी अचूकता चोक ओढणाऱ्या हाताला किंवा कार्ब्युरेटरच्या स्क्रूला जमणारी नव्हती. धुरात उरलेला ऑक्सिजन सतत मोजणारं काहीतरी हवं होतं. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी 1897 च्या सुमारास झिर्कोनियाच्या सिरॅमिकचा दिवा बनवला होता. हेच सिरॅमिक तापलं की ऑक्सिजनचे आयन वाहून नेतं, आणि दोन बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये फरक असला की व्होल्टेज देतं. बॉशने त्यातून लॅम्डा सेन्सर घडवला. 1976 मध्ये तो कॅलिफोर्नियासाठीच्या व्होल्वोच्या गाड्यांत बसला. पेट्रोल कमी असेल तर साधारण 0.1 व्होल्ट, जास्त असेल तर 0.9. कॉम्प्युटर हे ऐकतो, पेट्रोल कमी-जास्त करतो आणि पुन्हा ऐकतो. आपण सॉफ्टवेअरवाले ज्याला फीडबॅक लूप म्हणतो, तो सायलेन्सरच्या पाइपात बसला.

भारतात हे कोर्टाच्या वाटेने आलं. वकील एम. सी. मेहता यांनी 1985 मध्ये दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 29 एप्रिल 1999 रोजी दिल्ली परिसरासाठी आदेश दिला. नव्या खासगी गाड्यांनी महिन्याभरात युरो-1 आणि 1 एप्रिल 2000 पासून युरो-2 निकष पाळायचे. शिशामुळे कन्व्हर्टर आणि लॅम्डा सेन्सर दोन्ही बाद होतात. 2000 च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं. मारुती 800 लाही इंजेक्शनचं इंजिन आलं. एप्रिल 2010 मध्ये बीएस-4 निकष आधी 13 शहरांत लागू झाले. त्या यादीत दिल्ली, मुंबई, पुणे होतं आणि आमचं सोलापूरही.

हवेसाठी हे सगळं बरंच झालं. पण त्या तारखांकडे बघताना मला चाचांचं गॅरेज आठवत होतं. निर्णय दिल्लीत झाला आणि सोलापुरातल्या एका माणसाच्या कानाचा भाव उतरला. त्या कानाला आता कोणी काही विचारत नव्हतं, मीसुद्धा नाही.

आता उरला चोक. लॅम्डा सेन्सरला बोलायला साधारण 300 अंशांच्या वर तापावं लागतं, आणि थंड इंजिनाला दाट मिश्रण लागतंच. म्हणून इंजिन गरम होईपर्यंत कॉम्प्युटर लॅम्डाचं ऐकतच नाही. तोवर तो विचारतो कूलंटच्या तापमान सेन्सरला. पितळी बोल्टसारखा दिसणारा हा सेन्सर इंजिनात फिरणाऱ्या पाण्यात बुडलेला असतो. त्याचं तत्त्व तर मोटारीच्याही आधीचं आहे. 1833 मध्ये मायकेल फॅरेडे यांनी पाहिलं की सिल्व्हर सल्फाइड तापवलं की त्याचा विद्युत रोध कमी होतो. धातूंत याच्या उलट घडतं. त्याच गुणावर थर्मिस्टर चालतो. थंड असताना रोध हजारो ओहम, तापल्यावर काहीशे.

चोक इथे गेला होता.

सकाळी सहा वाजता मी पुन्हा चाचांकडे गेलो. गाडी रात्रभर त्यांच्या शेडमध्ये उभी होती. इंजिन सुरू न करता नुसती इग्निशनची चावी फिरवली, ओबीडी अडॅप्टर लावून मोबाइलवर आकडे उघडले. आत येणाऱ्या हवेचं तापमान 30 अंश. कूलंटचं तापमान उणे 6.

चाचांनी इंजिनावर उलटा हात ठेवला. “रात्रभर उभी आहे. हवा जितकी, तितकंच इंजिन असायला पाहिजे.” मग हसले. “उणे सहा? सोलापुरात? मे महिन्यात?”

प्लग काढून मल्टिमीटर लावला. चांगल्या सेन्सरने 30 अंशांना दोन हजार ओहमच्या आसपास दाखवायला हवं. आमचा दाखवत होता जवळपास आठ हजार. दिवा का पेटला नव्हता, तेही उलगडलं. तार तुटली असती तर कॉम्प्युटरला कळलं असतं. पण उणे सहा हे जगात कुठेतरी खरं असू शकणारं तापमान आहे. सेन्सरचं खोटं पटण्यासारखं होतं, म्हणून इंजिन महिनोन्‌महिने बर्फात असल्यासारखं पेट्रोल पीत राहिलं. ऑक्सिजन सेन्सर बिचारा ‘जास्त होतंय, जास्त होतंय’ म्हणत असणार आणि त्याचं कोणी ऐकत नव्हतं. आम्ही त्यालाच बदलायला निघालो होतो.

चाचांना आणखी एक गोष्ट आठवली आणि त्यांचा चेहरा उतरला. रेडिएटरचा पंखाही याच आकड्यावर सुरू होतो. “तू पुण्याहून हायवेने येतोस, वारा लागतो म्हणून वाचलास. दुपारी सिग्नलला दहा मिनिटं अडकला असतास, तर हेड गेलं असतं. आई मागे बसलेली असते ना?”

मी काही बोललो नाही.

सेन्सर साडेचारशे रुपयांना मिळाला. इंजिन थंडच होतं, त्यामुळे रेडिएटरचं झाकण बिनधास्त उघडता आलं. चाचांनी 19 चा पाना लावला, जुना सेन्सर निघताच भोकावर अंगठा दाबला, दुसऱ्या हाताने नवा वॉशर घालून नवा सेन्सर बसवला. पाव लिटरभर कूलंट सांडलं, तेवढं भरलं, आतली हवा काढली. मोबाइलवर 30 दिसलं. गाडी सुरू केल्यावर 50, 70, 90. आणि पंखा घरघरला. लॅम्डाचं व्होल्टेज 0.1 ते 0.9 मध्ये खालीवर नाचू लागलं. चाचा मोबाइलकडे बघत नव्हते. ते मागे जाऊन वास घेत होते.

“आता ढकलला चोक आत,” ते म्हणाले.

दुपारी पीयूसी पास झाली. माझ्या कामात मी रोज आकड्यांवर विश्वास ठेवतो आणि तो ठेवावाच लागतो. कानाच्या भरवशावर राहून लॉस एंजेलिसची हवा साफ झाली नसती, दिल्लीतही काही बदललं नसतं. पण आकडा ही एका सेन्सरची साक्ष असते. ती खोटी असू शकते, हे ओळखायला मे महिन्यात इंजिनावर हात ठेवणारं कोणीतरी लागतं.

पैसे विचारले तर चाचांनी हात झटकला. मग म्हणाले, “ते मोबाइलवालं यंत्र मिळतं कितीला?” मी अडॅप्टर काढून त्यांच्या हातात दिला. संध्याकाळी आईला घेऊन सिद्धेश्वर तलावापर्यंत गेलो. परतताना सिग्नलला थांबलो तेव्हा पंखा सुरू झाला. आई म्हणाली, “हा आवाज नवीन आहे का?”

नवीन नव्हता. आम्हीच तो बरेच दिवस ऐकला नव्हता.