मताधिकार आणि मतदानसुलभता : यवतमाळ जिल्हा

यवतमाळ जिल्ह्यातील नागरिकांच्या मत देण्याच्या हक्कावर असलेली कायद्याची बंधने, तो बजावताना येणाऱ्या व्यावहारिक अडचणी आणि त्यांवरून चालणारा वाद. संविधानाच्या अनुच्छेद 326 प्रमाणे 18 वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला मताधिकार आहे. त्याला शिक्षण, मालमत्ता, जात किंवा लिंग यांची अट नाही. अट आहे ती पत्त्याची. मतदाराचे नाव एका मतदारसंघाच्या, एका भागाच्या यादीत असते आणि मत त्याच केंद्रावर जाऊन द्यावे लागते. ऊसतोडीसाठी आणि वीटभट्ट्यांसाठी गाव सोडणारी कुटुंबे जेथे मोठ्या संख्येने आहेत, त्या जिल्ह्यात ही साधी अट सर्वांत जड ठरते.

प्रदेश आणि मतदारसंघ

जिल्ह्यात 16 तालुके असून 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 27,72,348 होती. वणी, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद आणि उमरखेड हे विधानसभेचे सात मतदारसंघ. त्यांपैकी राळेगाव व आर्णी अनुसूचित जमातींसाठी, तर उमरखेड अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. 2008 च्या पुनर्रचनेत जिल्हा लोकसभेच्या तीन मतदारसंघांत वाटला गेला. राळेगाव, यवतमाळ, दिग्रस व पुसद हे यवतमाळ-वाशीममध्ये, वणी व आर्णी चंद्रपूरमध्ये आणि उमरखेड हिंगोलीत गेले. त्यामुळे 2024 च्या लोकसभा निवडणुकीत एकाच जिल्ह्यात दोन दिवशी मतदान झाले. वणी-आर्णीकरांनी 19 एप्रिलला मत दिले, बाकीच्यांनी 26 एप्रिलला. 2019 मध्येही उमरखेडचे मतदान उरलेल्या जिल्ह्यानंतर आठवड्याने झाले होते. नोकरी वा मजुरीसाठी शेजारच्या तालुक्यात राहणाऱ्याला आपल्या गावची तारीख वेगळी आहे, हे आधी कळावे लागते.

पूर्वपीठिका

1905 पर्यंत ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जाणारा हा प्रदेश वऱ्हाडाचा भाग होता. वऱ्हाडावर निजामाचे नाममात्र स्वामित्व असल्याने तो कायद्याच्या भाषेत ब्रिटिश हिंदुस्थान नव्हता. म्हणून 1919 च्या सुधारणांनंतर वऱ्हाडात एक चमत्कारिक रीत पडली : मतदारांनी प्रतिनिधी निवडायचा आणि सरकारने त्यालाच ‘नियुक्त’ करायचे. वणीत जन्मलेले आणि यवतमाळात वकिली केलेले लोकनायक बापूजी अणे हे केंद्रीय विधिमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून बसले, तेही याच रीतीने.

त्या काळी मताधिकार सारा, भाडे, प्राप्तिकर वा शिक्षण यांच्या मापाने मिळे. 1935 च्या कायद्याने मतदारांची संख्या वाढली, तरी देशभरात ती सुमारे तीन कोटींवरच थांबली. भूमिहीन शेतमजूर, कोलाम, पारधी, तांड्यावरचा बंजारा आणि बहुसंख्य स्त्रिया त्याबाहेर राहिल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1919 मध्येच मताधिकारविषयक साउथबरो समितीपुढे साक्ष देताना मताधिकार आणि अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व हे प्रश्न मांडले होते. मालमत्तेची ही सगळी मापे 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत एकदम रद्द झाली. त्या निवडणुकीत यवतमाळ तत्कालीन मध्य प्रदेश राज्यात होते आणि पुढे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले वसंतराव नाईक पुसदमधून प्रथमच विधानसभेत गेले. देशात मात्र सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीत येऊ शकली नाहीत, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढेच सांगितले होते. हक्क मिळणे आणि यादीत नाव लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच दिसले.

कायद्याची बंधने

लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1950 नुसार नागरिक नसलेली, न्यायालयाने मनोविकल ठरवलेली किंवा निवडणुकीतील भ्रष्ट आचरणासाठी अपात्र झालेली व्यक्ती यादीत राहू शकत नाही. 1951 च्या अधिनियमातील कलम 62(5) मुळे तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असलेल्याला मत देता येत नाही. शिक्षा झालेला आणि खटला चालू असलेला असा भेद त्यात नाही. जामिनावर सुटलेला मत देऊ शकतो. जामिनाचे पैसे नसलेला कच्चा कैदी नाही. सर्वोच्च न्यायालयाने अनुकूल चंद्र प्रधान खटल्यात (1997) हे कलम वैध ठरवले. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतील व्यक्तीला मात्र टपाली मतदान करता येते. मतदानाचे वय 21 वरून 18 वर आले ते 61 व्या घटनादुरुस्तीने, 1989 मध्ये.

पोड, तांडा आणि यादी

वणी, झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या पट्ट्यात कोलामांच्या वस्त्या आहेत. त्यांना ‘पोड’ म्हणतात. कोलाम हा महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. इतर दोन कातकरी आणि माडिया गोंड. दिग्रस, पुसद, आर्णी, दारव्हा भागांत बंजाऱ्यांचे तांडे आहेत, तर पारध्यांच्या वस्तीला ‘बेडा’ म्हणतात. पारध्यांवरचा ‘गुन्हेगार जमात’ हा ब्रिटिश काळातला कायदेशीर शिक्का 31 ऑगस्ट 1952 रोजी पुसला गेला, म्हणजे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान उरकल्यावर.

पोड हे बहुधा स्वतंत्र महसुली गाव नसते. मूळ गावापासून ते दोन-चार किलोमीटरवर, माळावर किंवा जंगलाच्या कडेला असते. मतदाराला केंद्रासाठी दोन किलोमीटरहून अधिक चालावे लागू नये, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. पण अंतर गावठाणातून मोजले की पोडावरून, यावर त्या दंडकाचा अर्थ बदलतो. यादीचे कामही येथे वेगळे असते. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणजे बीएलओ हा बहुतेक ठिकाणी शिक्षक, तलाठी किंवा अंगणवाडी सेविका असतो. घर क्रमांकाच्या रकान्यात लिहायला पोडावर क्रमांकच नसतो. वस्तीतल्या अनेक घरांचे आडनाव एकच, आत्राम नाहीतर टेकाम. मग माणसाची ओळख पटते ती वडिलांच्या नावावरून आणि वयावरून, आणि वय पुष्कळदा अंदाजाने सांगितलेले असते. आधार कार्डावर एक वेलांटी आणि यादीत दुसरी असली, की केंद्रावर चिठ्ठी शोधताना वेळ जातो. नियमानुसार लेखनातील किरकोळ फरकासाठी मतदाराला परत पाठवता येत नाही. मतदार ओळखपत्र नसल्यास आधार, रोजगार हमीचे जॉबकार्ड, फोटो असलेले बँक पासबुक यांसारखी पर्यायी कागदपत्रे चालतात. ब्रिटनने छायाचित्र असलेल्या ओळखपत्राची सक्ती 2022 च्या कायद्याने आणली. भारतात तिची सुरुवात 1993 मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या काळात झाली, पण पर्यायी कागदपत्रांमुळे तिची धार येथे बोथट राहिली.

लग्न होऊन आलेल्या सुनेची अडचण निराळी. माहेरच्या यादीत तिचे जुने नाव राहते आणि सासरच्या यादीत नवे नाव चढत नाही. स्थलांतर, दुरुस्ती आणि बदललेल्या ओळखपत्रासाठी आता नमुना 8 हा एकच अर्ज आहे. नव्या नोंदणीसाठी नमुना 6, तर नाव वगळण्यासाठी वा आक्षेपासाठी नमुना 7. 2021 च्या दुरुस्तीनंतर पात्रतेच्या तारखा वर्षातून चार झाल्या : 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर.

ऊसतोड आणि निवडणुकीची तारीख

पुसद, महागाव, उमरखेड या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, परत येणे अवघड असते. लोकसभेचे मतदान एप्रिलमध्ये येते तेव्हा बरीच कुटुंबे गावी परतलेली असतात. विधानसभेच्या अलीकडच्या तारखा मात्र 15 ऑक्टोबर 2014, 21 ऑक्टोबर 2019 आणि 20 नोव्हेंबर 2024 अशा आहेत. 2024 मध्ये गाळप 15 नोव्हेंबरपासून, मतदानाच्या पाच दिवस आधी सुरू करण्याचे ठरले होते, म्हणून लाखो तोडणी मजुरांच्या मताचा प्रश्न राज्यभर चर्चेत आला.

कायदा येथे अर्धा मजुराच्या बाजूने आहे. 1950 च्या अधिनियमातील कलम 20 सांगते की तात्पुरते बाहेर गेल्याने कोणी गावचा रहिवासी राहत नाही असे होत नाही. म्हणजे तोडीला गेलेल्याचे नाव कापता येत नाही. पण उसाच्या फडात असताना मत कसे द्यायचे, याचे उत्तर त्या कायद्यात नाही. सैनिकांना आणि निवडणूक कर्मचाऱ्यांना टपाली मतदान आहे, हंगामी मजुरांना नाही. 1951 च्या अधिनियमातील कलम 135-ब नुसार मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळायला हवी, आणि ती रोजंदारीवरच्यांनाही लागू आहे. परंतु ज्याची मजुरी टनावर मोजली जाते आणि जो गावापासून शेकडो किलोमीटर दूर आहे, त्याला एका दिवसाची सुट्टी पुरत नाही. स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये मांडला आणि जानेवारी 2023 मध्ये पक्षांना त्याचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी बोलावले. विरोधी पक्षांनी हरकती घेतल्या आणि प्रस्ताव मागे पडला.

यादीवरील वाद

या वादाला दोन टोके आहेत. एका बाजूची तक्रार खऱ्या मतदारांची नावे गळाल्याची, दुसऱ्या बाजूची खोटी नावे घुसल्याची. नाव गळणे हा जुना अनुभव. घरभेटीच्या वेळी कुलूप दिसले की ते कुटुंब ‘अनुपस्थित, स्थलांतरित, मृत’ यादीत जाण्याचा धोका असतो. सर्वोच्च न्यायालयाने लाल बाबू हुसेन खटल्यात (1995) स्पष्ट केले की यादीत एकदा आलेले नाव नोटीस आणि सुनावणीशिवाय काढता येत नाही.

दुसरे टोक 2024 नंतर पुढे आले. राज्यातील मतदारसंख्या 2019 च्या विधानसभेला सुमारे 8.98 कोटी, 2024 च्या लोकसभेला सुमारे 9.30 कोटी आणि त्याच वर्षीच्या विधानसभेला सुमारे 9.70 कोटी होती. पाच वर्षांत वाढली त्याहून अधिक नावे पाच महिन्यांत कशी वाढली, असा सवाल विरोधकांनी केला. आयोगाने गैरप्रकाराचे आरोप फेटाळले. वणी आणि आर्णी ज्या लोकसभा मतदारसंघात येतात त्याच चंद्रपूरमधील राजुरा विधानसभा क्षेत्रात 6,800 हून अधिक संशयास्पद ऑनलाइन नोंदणी अर्जांचे प्रकरण पोलिसांत गेले आणि 2025 मध्ये देशभर गाजले. हे अर्ज तपासणीत अपात्र ठरवून नाकारले, असे आयोगाचे म्हणणे. त्याच राजुरा क्षेत्रात, जिवती तालुक्यात, 14 गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघांचा दावा आहे. तेथील लोकांची नावे दोन्ही राज्यांच्या याद्यांत असत. एकाहून अधिक ठिकाणी नाव असण्यास 1950 च्या अधिनियमातील कलम 17 व 18 ची मनाई आहे. पण तेथे दुबार नोंद राज्यांच्या भांडणातून झाली. प्रत्येक दुबार नाव बोगस नसते, एवढे त्यावरून दिसते.

1 नोव्हेंबर 2025 रोजी याद्यांतील घोळाविरुद्ध विरोधी पक्षांनी मुंबईत मोर्चा काढला. त्यानंतर राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक निवडणुकांसाठी संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापण्याची पद्धत जाहीर केली.

न झालेली निवडणूक

यादीत नाव बिनचूक असूनही मत देता येत नाही, असाही काळ जिल्ह्याने पाहिला. यवतमाळ जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणावर विकास गवळी खटल्यातील निकालानंतर (4 मार्च 2021) निर्माण झालेला पेच आणि प्रभागरचनेचे वाद यांमुळे राज्यातील बहुसंख्य स्थानिक संस्थांच्या निवडणुका रखडल्या. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निवडणुका चार महिन्यांत घेण्याचा आदेश दिला आणि पुढे मुदत वाढवली. 2017 मध्ये जिल्हा परिषदेसाठी मत दिलेल्या मतदाराला पाच वर्षांनी ती संधी मिळाली नाही.

सुलभतेचे उपाय

40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेले आणि 85 वर्षांवरील मतदार नमुना 12-ड भरून घरी मत देऊ शकतात. वयाची ही मर्यादा 2024 मध्ये 80 वरून 85 करण्यात आली. केंद्रांवर उतार, चाकांची खुर्ची व ब्रेल मतपत्रिका यांची तरतूद आहे. एका केंद्रावरील मतदारांची कमाल संख्या 2025 मध्ये 1,500 वरून 1,200 वर आणण्यात आली. तिचा लाभ मुख्यतः शहरांतील रांगांना होतो. हे उपाय गावात असलेल्या पण केंद्रापर्यंत न पोचणाऱ्या मतदारासाठी आहेत. गावाबाहेर असलेल्या मतदारासाठी आजवर एकच साधन परिणामकारक ठरले आहे, ते म्हणजे तारीख : मतदान एप्रिलमध्ये आले तर तांड्यावरची चूल पेटलेली असते, नोव्हेंबरात आले तर दाराला कुलूप.