आधी मोटर, मग दार

परवा माळ्यावरचा पसारा काढताना २००४ सालची एक डायरी सापडली. मधल्या एका पानावर माझ्याच अक्षरात फक्त दोन ओळी होत्या: '१० + ९० = १००' आणि '२५ + ७५ = १००'. खाली दोनदा रेघ मारलेली. मुलगी म्हणाली, "बाबा, ही कसली पहिलीतली गणितं?" म्हटलं, पहिलीतलीच आहेत, पण ती शिकताना फी दुसऱ्या कुणीतरी भरली. तो हिशोब लिहायचा राहून गेला होता. आज लिहितोय.

तेव्हा मी नगर जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कामाला होतो. (२०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण जुन्या आठवणी जुन्याच नावानं येतात, चालवून घ्या.) लॅबमध्ये तीस यंत्रं, सगळ्यांवर रेड हॅट लिनक्स ९, आणि कोपऱ्यात एक सर्व्हर. मुलांच्या फायली त्या सर्व्हरवर. कुठल्याही यंत्रावर बसा, आपलं नाव-पासवर्ड टाका, आपलं घर समोर हजर. मला याचं फार कौतुक वाटायचं. निजामशाहीत नगर शहराला बाहेरच्या गावांतून खापरी नळांनी पाणी आणलं होतं. कारंजं बागेत उडायचं आणि झरा कोसांवर असायचा. तसंच हे. हौद आपल्या दारात, पाणी मात्र लांबचं.

या नळाचं नाव एनएफएस, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टीम. सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी १९८२ साली चौघांनी काढली. त्यातले एक आयआयटी दिल्लीत शिकलेले विनोद खोसला. त्या काळी डिस्क फार महाग, म्हणून या मंडळींनी बिनडिस्कची यंत्रं विकायला काढली. यंत्र तुमच्या टेबलावर, फायली दुसऱ्या खोलीत. त्यासाठी १९८५ मध्ये एनएफएस बाहेर आलं. त्याची मूळ कल्पना अशी, की सर्व्हरनं काहीच लक्षात ठेवायचं नाही. कुणी कोणती फाइल उघडली, कोण कुठपर्यंत वाचून थांबलं, याची नोंद त्याच्याकडे नसते. प्रत्येक मागणी स्वतःपुरती पूर्ण. त्यामुळे सर्व्हर मध्येच बंद पडला आणि तासाभरानं उठला, तरी कुणाला काही सांगावं लागत नाही. मागणारा तोवर एकच गोष्ट करतो. मागत राहतो. उत्तर येईपर्यंत तीच मागणी पुन्हा, पुन्हा, पुन्हा. पडद्यावर एवढंच दिसतं की सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे.

याला 'हार्ड' माउंट म्हणतात. 'सॉफ्ट'ही असतो. तो काही वेळ वाट बघतो आणि चूक झाली म्हणून हात वर करतो. वाटतं की हाच बरा. पण लिहिता लिहिता हात वर केले तर फाइल अर्धवट राहते, आणि पुष्कळ प्रोग्राम ती चूक तपासतही नाहीत. म्हणून जाणकार सांगतात, डेटा हवा असेल तर हार्डच ठेवा. आमच्याकडे हार्डच होता. तो का, हे मात्र मला माहीत नव्हतं. आधीच्या माणसानं ठेवला म्हणून होता.

आता आमची खरी अडचण. भारनियमन! दुपारी दोनच्या सुमाराला वीज जायची. जनरेटर होता, पण तो लगेच सुरू होईल याची खात्री नसायची. यूपीएस वीसेक मिनिटं तग धरायचा. तेवढ्यात एकतीस यंत्रं रीतसर बंद करायची. वीज आली की सगळी एकदम सुरू व्हायची, आणि तिथं वेगळीच गंमत. सर्व्हरच्या डिस्का मोठ्या, त्याची तपासणी लांबायची. मुलांची यंत्रं आधी उठायची, सर्व्हर शोधायची, आणि तो नसायचा. मुलं घाईनं लॉगिन करायची तर घर रिकामं. "सर, माझं सगळं गेलं!" असा एक तरी आवाज यायचाच. गेलेलं काही नसायचं, नळ जोडलेला नसायचा इतकंच. त्या रिकाम्या घरात कुणी काही साठवलं असेल तर ते त्या यंत्राच्या डिस्कवर राहायचं, आणि मागाहून सर्व्हरचं घर वर येऊन बसलं की त्याच्याखाली झाकलं जायचं. चटईखालच्या नोटेसारखं. असतं, पण दिसत नाही.

या सगळ्याला वैतागून मी एक शहाणपणा केला. यंत्र सुरू होताना 'नेटएफएस' नावाची एक सेवा चालायची. ती सर्व्हरची वाट बघत अडून बसायची, म्हणून मी ती बंदच करून टाकली आणि माउंटची आज्ञा सगळ्यात शेवटी चालणाऱ्या फायलीत, म्हणजे 'आरसी लोकल'मध्ये टाकली. आता लॉगिनचा पडदा लवकर दिसायला लागला. मुख्य सरांनी शाबासकी दिली.

पण दोन दिवसांतच यंत्रं बंद होताना अडकू लागली. सर्व्हर जिवंत, केबल नीट, तरीही. तेव्हा कारण कळलं नाही. मग मी दुसरा शहाणपणा केला. अडकलं की पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं. एकदा सवय लागली की माणूस बटण दाबताना विचार करत नाही.

एप्रिलमधला एक दिवस होता. शेवटच्या वर्षाची एक मुलगी सकाळी आठपासून तिच्या प्रोजेक्टचं गणित चालवत बसली होती. दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा. प्रोग्राम सगळं मेमरीत जमवून शेवटी फायलीत लिहिणार होता. दोनला वीज गेली, आणि त्याच सुमाराला तिचं लिहिणं सुरू झालं होतं. मी काय केलं? सगळ्यात मोलाचा सर्व्हर, म्हणून तोच आधी बंद केला. मग एकेका यंत्राकडे वळलो. अर्थात सगळी गोठलेली. तिच्याजवळ आलो तेव्हा ती म्हणाली, "सर, पडदा हलत नाहीये, पण थोडं थांबूया का?" मी म्हणालो, "अगं, हँग झालंय ते." आणि बटण दाबून धरलं.

सात-आठ मिनिटांनी जनरेटर सुरू झाला. यूपीएस अजून चालूच होता.

सर्व्हर उठल्यावर तिची फाइल बघितली. अर्धवट होती. ती रडली नाही, चिडलीही नाही. फक्त विचारलं, "सर, थांबलो असतो तर आलं असतं का?" मी म्हणालो, "नाही गं, सर्व्हर बंद झाला म्हणजे गेलंच." ती रात्री उशिरापर्यंत बसून पुन्हा चालवायला बघत होती. वेळेत पूर्ण झालं नाही. तोंडी परीक्षेला ती अर्धेच आकडे घेऊन गेली.

मी तिला दिलेलं उत्तर चूक होतं, हे मला पुढच्या महिनाभरात कळलं. अपराधी वाटत होतं म्हणून त्या सुरू-बंद करणाऱ्या स्क्रिप्टा वाचायला बसलो. तिथंच ही डायरीतली गणितं आली.

रेड हॅटमध्ये प्रत्येक सेवेला दोन आकडे असत, एक सुरू होण्याच्या क्रमाचा आणि एक बंद होण्याच्या. नेटवर्क सुरू होताना १० वा आणि बंद होताना ९० वा. नेटएफएस सुरू होताना २५ वा, बंद होताना ७५ वा. बेरीज शंभर. म्हणजे जे आधी आलं ते शेवटी जाणार. रस्ता झाल्यावर गाडी जोडायची आणि गाडी सोडल्यावर रस्ता उखडायचा. शिवाय चालू असलेल्या सेवेची एक खुणेची फाइल ठेवलेली असे. बंद होताना खूण नसेल, तर ती सेवा चाललीच नव्हती असं समजून यंत्र पुढे जाई. मी नेटएफएस बंद केलेली, त्यामुळे खूण नाही. ७५ व्या पायरीवर एनएफएस सोडायचं काम कुणी केलंच नाही. ९० व्या पायरीला नेटवर्क गेलं. मग अगदी शेवटी यंत्र ते माउंट सोडायला बघे, सर्व्हरला हाक मारी, आणि रस्ताच नाही. हार्ड माउंट, म्हणून ते मागतच राही. यंत्राला ही अडचण मीच करून दिली होती.

आणि त्या दिवशीचं यंत्र तर अडकलेलंही नव्हतं. ते थांबलं होतं. तिचे आकडे मेमरीत धरून, सर्व्हर कधी उठतो याची वाट बघत, प्रयत्न चालू आहे असं सांगत. मी सर्व्हर पुन्हा सुरू केला असता तर त्यानं मुकाट्यानं उरलेलं लिहून दिलं असतं. सनच्या लोकांनी १९८५ साली नेमकी याचसाठी ती रचना केली होती. हार्ड का, याचं उत्तर माझ्यासमोर चालू होतं आणि मी ते बटण दाबून बंद केलं.

पुढे यातलं बरंच सुधारलं. केवळ नेटवर्कवर मिळणारी, पण दिसायला घरच्या डिस्कसारखी असलेली साठवण आली. आयएससीएसआय हे त्यातलं एक, त्याचं प्रमाण २००४ मध्येच ठरलं. ती ओळखता यावी म्हणून एफएसटॅब फायलीत '_नेटडेव्ह' असा शेरा लिहायचा असतो, म्हणजे नेटवर्क आल्याशिवाय यंत्र तिला हात लावत नाही. २००८ साली आलेल्या २.६.२५ या कर्नलपासून एनएफएसपाशी अडकलेला प्रोग्राम निदान मारता तरी येऊ लागला. त्याआधी तो मारूनही मरत नसे. २०१० मध्ये सिस्टमडी आलं, २०११ च्या फेडोरा १५ मध्ये ते मूळचंच झालं, आणि २०१५ पर्यंत डेबियन-उबुंटूतही पोचलं. त्यात आकडे नाहीत. 'हे त्याच्यानंतर' एवढंच सांगायचं, आणि बंद होताना तो क्रम आपोआप उलटा होतो. गरज पडेल तेव्हाच जोडणारं ऑटोमाउंट तर त्यात एका शब्दात मागता येतं. पण आजही कुणीतरी घाईनं माउंटची आज्ञा भलत्याच जागी लिहितं, आणि मग बंद होताना यंत्र दीड-दीड मिनिट मोजत बसतं. ते बघून लोक बटण दाबतात. मी हल्ली नाही दाबत.

हे सगळं एकदा वडिलांना सांगितलं होतं. ते शेतकरी, त्यांना लिनक्स-बिनक्स काही ठाऊक नाही. भारनियमनामुळे वीज रात्रीची यायची, म्हणून आयुष्यभर रात्री-अपरात्री दारं धरायला गेलेले. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, यात काय एवढं? वाफ्याचं दार उघडल्याशिवाय मोटर चालू करायची नाही. आणि बंद करताना आधी मोटर, मग दार. उलटं केलंस तर पाट फुटणारच."

शंभराची बेरीज त्यांनी पायरीवर बसल्या बसल्या सांगितली. मी महिनाभर स्क्रिप्टा वाचत होतो!

ती मुलगी पुढे पास झाली, पुण्यात नोकरीला लागली एवढं ऐकून आहे. तिच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर मात्र मी तिला कधी दिलं नाही. मे महिन्यात कळलं तेव्हा ती कॉलेजातून गेली होती, आणि पत्ता शोधून कळवण्याएवढी हिंमत झाली नाही. म्हणून इथं लिहून ठेवतो.

हो. थांबलो असतो, तर आलं असतं.