किरणांचा कल

‘हवामान’ हा आपला रोजचा शब्द. त्यातली ‘हवा’ अरबी आणि ‘मान’ संस्कृत. दोघे एका घरात इतके गुण्यागोविंदाने नांदतात की कोण कुठून आले, हे कुणी विचारत नाही. मी बीए झालेला, शब्दांत रमणारा माणूस. म्हणून उन्हाची गोष्टही मी शब्दाच्या वाटेनेच सांगणार आहे. इंग्रजीतला ‘क्लायमेट’ ग्रीक ‘क्लिमा’वरून आला. क्लिमा म्हणजे उतार, कल.

कल कशाचा? सूर्यकिरणांचा. भिंतीवर टॉर्चचा झोत सरळ टाका, लहान आणि लखलखीत गोल पडेल. टॉर्च तिरपी धरा, तोच प्रकाश लांबवर पसरून फिका होईल. पृथ्वी गोल आहे, म्हणून तिच्यावरही हेच घडते. दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी भर दुपारी विषुववृत्तावर किरण थेट डोक्यावर येतात. ६० अंश अक्षांशावर तेवढेच ऊन दुप्पट जमिनीला वाटून घ्यावे लागते. सूर्य जवळ आला म्हणून उन्हाळा होतो, असे मात्र नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपण शेकोटीभोवती बसतो तेव्हा!

हा कल मोजायचा कसा? इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने वर्षातला सर्वांत मोठा दिवस किती तासांचा, यावरून पृथ्वीवर रेषा आखल्या. नाईलकाठच्या मेरोईला १३ तास, अलेक्झांड्रियाला १४, रोमला १५. अर्ध्या अर्ध्या तासाच्या फरकाने असे सात पट्टे रूढ झाले. अरबांनी ‘क्लिमा’चे ‘इकलीम’ केले. ११५४ साली अल्-इद्रिसीने सिसिलीचा राजा रॉजर याच्यासाठी जगाचा नकाशा पुरा केला, तो सात इकलीम आणि प्रत्येकीचे दहा भाग, असा ७० तुकड्यांचा. फारसी-उर्दू कवितेत तर ‘हफ्त इकलीम’ म्हणजे सारे जग.

इथवर सारे हिशेबाचे होते. पण पट्टे आखले की त्यांत माणसे बसवण्याचा मोह होतो. विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात उष्णतेमुळे वस्तीच शक्य नाही, असे ॲरिस्टॉटल सांगून गेला होता. ट्यूनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खल्दूनने १३७७ साली ‘मुकद्दिमा’ लिहिला. काळा रंग हा कुठल्या पूर्वजाला मिळालेल्या शापाचा परिणाम नाही, तो डोक्यावरच्या सूर्याचा आहे, हे त्याने ठणकावून सांगितले. केवढी मोठी गोष्ट! पण तोच इब्न खल्दून पुढे म्हणतो की मधल्या इकलीमची माणसे समतोल आणि उष्ण इकलीमची उथळ. १७४८ साली फ्रान्सच्या माँतेस्क्यूनेही उष्ण देशांतल्या लोकांना भित्रे आणि आळशी ठरवले. राज्य करायला निघालेल्यांना असे विचार फारच सोयीचे असतात.

त्या सरळ पट्ट्यांना धक्का दिला तो एका साध्या कृतीने. १८१७ साली जर्मन शास्त्रज्ञ हम्बोल्टने सारख्या सरासरी तापमानाची ठिकाणे रेषेने जोडून पाहिली. रेषा सरळ राहिनातच! कुठे त्या उत्तरेला चढल्या, कुठे दक्षिणेला झुकल्या. ऊन येते किरणांच्या कलाने, पण पुढे त्याचे काय होते हे समुद्र, वारे आणि जमिनीची उंची मिळून ठरवतात.

आपल्या कोल्हापूरचेच पाहा. त्याचा अक्षांश जवळपास मेरोईचाच, १७ अंशांच्या किंचित आत. दोन्हीकडे किरणांचा कल जवळजवळ सारखा. पण मेरोईचे अवशेष सुदानच्या वाळवंटात उभे आहेत, आणि कोल्हापूरला सह्याद्रीचा शेजार, मोसमी पाऊस, उसाचे मळे. एकाच इकलीमची ही दोन गावे!

मग एका पट्ट्यातली माणसे तरी एकसारखी कशी असतील? वैशाखातल्या भर दुपारी रस्त्यावर डांबर टाकणारी, डोक्यावर विटा वाहणारी बायामाणसे बघा आणि उष्ण देशातले लोक आळशी असतात, हे वाक्य त्यांच्यासमोर म्हणून बघा. किरणांचा कल मोजता येतो, त्याला सूत्र आहे. माणसाचा कल अक्षांशावरून काढू नये.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)