चित्र कोणाचे? पैसे देणाऱ्याचे की रंगवणाऱ्याचे?

१/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिव्हरपूलच्या कापूसबाजारात वर्धा जिल्ह्यातील एका गावाचे नाव दररोजच्या व्यवहाराचा भाग झाले होते. ते गाव म्हणजे वणा नदीकाठचे हिंगणघाट. देशी कापसांतील उत्तम प्रत म्हणून हा कापूस ‘हिंगणघाट’ याच नावाने विकला जाई. गाठ बोटीतून हजारो मैल दूर गेली तरी गावाचे नाव तिच्याबरोबर जाई, आणि भाव ठरवताना त्या नावाला वजन असे.

२/ कापसाच्या आधीपासून आणखी एक माल महाराष्ट्रातून त्याच दिशेने जात होता. तो म्हणजे मागणीवरून काढून घेतलेली जलरंगचित्रे. विषय ठरवणारा एक, रंगवणारा दुसरा, आणि पैसे मोजणारा बहुधा पहिलाच. या चित्रांबरोबर चित्रकाराचे नाव गेले का? कधी गेले, कधी वाटेतच गळाले. हा धागा त्या नावांचा शोध घेतो.

३/ आरंभ पुण्यापासून करावा लागतो. १७८६ साली चार्ल्स मॅलेट हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून पेशव्यांच्या दरबारी आला. राजकारण हे त्याचे काम होते. परंतु लेणी, प्राणी, माणसे, सणसमारंभ या साऱ्यांविषयी त्याला विलक्षण कुतूहल होते. छायाचित्रणाची कला जगापुढे यायला अजून अर्धशतक अवकाश होता. पाहिलेले दृश्य जपून ठेवायचे, तर चित्रकार हाताशी असणे हाच एक उपाय होता.

४/ हे काम करण्यासाठी मॅलेटने इंग्लंडहून कोणी बोलावला नाही. त्याने पुण्यातीलच एक कारागीर निवडला. त्याचे नाव गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. तांबट म्हणजे तांब्याचे काम करणारा समाज. गंगाराम यांनी मॅलेटच्या नोकरीत राहून कार्ले, जुन्नर, वेरूळ येथील लेणी, पुण्यातील दृश्ये, मल्लविद्येचे डाव आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातील जनावरे कागदावर उतरवली. पर्वतीजवळच्या या शिकारखान्यातील गेंड्याचे त्यांनी काढलेले चित्र नोव्हेंबर १७९० मधील आहे.

५/ जलरंगच का? याचे उत्तर व्यवहारात आहे. तैलरंगाचे चित्र कापडावर, चौकटीवर ताणलेले. जड, वाळायला आठवडे लागणारे. जलरंगाला लागतो कागद, कुंचला आणि वाटीभर पाणी. चित्र त्याच दिवशी वाळते, बासनात ठेवता येते, पत्रासोबत पाठवता येते. लेण्याच्या अंधारात किंवा गेंड्याच्या कुंपणाबाहेर बसून काम करणाऱ्याला हेच माध्यम सोयीचे.

६/ भारतीय चित्रकारांना पाण्यात कालवलेले रंग नवे नव्हते. पोथ्यांतील चित्रे रंगात डिंक मिसळूनच होत. मात्र ते रंग दाट आणि अपारदर्शक असत; एका थरावर दुसरा थर देऊन खालची चूक झाकता येई. युरोपीय धाटणीच्या पारदर्शक जलरंगात उजेड हा कागदाच्या कोऱ्या भागातून येतो. जिथे प्रकाश हवा तिथे कुंचला आधीच थांबवावा लागतो. गंगाराम यांच्या पिढीने हे दोन्ही हात एकत्र केले. म्हणून त्यांचे काम नुसती नक्कल ठरत नाही.

७/ याच सुमारास जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईला आला आणि १७९२ मध्ये पुण्यास पोहोचला. सवाई माधवराव व नाना फडणवीस यांचे त्याने काढलेले तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. मॅलेट व वेल्स यांच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा सुरू झाल्याचे द. ब. पारसनीस यांनी नोंदवले आहे. गंगाराम यांचे नाव या शाळेशी जोडले जाते.

८/ आता वेरूळकडे वळू. गंगाराम यांनी काढलेल्या वेरूळच्या चित्रांच्या आधारे मॅलेटने तेथील लेण्यांचे वर्णन लिहिले आणि ते ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात १७९९ साली प्रसिद्ध झाले. कैलास लेण्याचे रूप युरोपातील अनेक वाचकांना प्रथम कळले ते अशा चित्रांमधून. लेण्यासमोर बसून ते पाहणारे डोळे पुण्याच्या एका तांबटाचे होते.

९/ वेल्सनेही वेरूळची चित्रे काढली; परंतु १७९५ मध्ये साष्टीतील लेण्यांचे काम करताना तापाने त्याचा मृत्यू झाला. त्याची चित्रे टॉमस डॅनियल या नामवंत चित्रकाराने कोरून घेतली आणि १८०३ मध्ये वेरूळच्या २४ दृश्यांचा भव्य संग्रह लंडनमध्ये निघाला. मुखपृष्ठावर वेल्सचे नाव आहे, डॅनियलचेही आहे. वेल्सच्या आधी वेरूळ कागदावर आणणाऱ्या गंगाराम यांचे नाव तेथे नाही.

१०/ मग ते आज आपल्याला कसे ठाऊक? कारण कागद टिकले. मॅलेटने १७९९ मध्ये वेल्सच्या थोरल्या मुलीशी, सुसॅनाशी विवाह केला आणि दोघांचे कागद एका घरात आले. वेल्सच्या रोजनिशीत गंगाराम यांचा उल्लेख येतो. हा संग्रह पुढे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात पोहोचला. पुस्तकाच्या मुखपृष्ठाने जे नाव वगळले, ते खासगी कागदांनी राखले. हा योगायोग होता. दुसऱ्या चित्रकाराच्या वाट्याला तो आला नाही.

११/ तो दुसरा चित्रकार पुण्याजवळच, दापोडीला काम करत होता. काळ मात्र अर्धशतक पुढचा. तेथील सरकारी वनस्पतिबागेचा अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन हा व्यवसायाने वैद्य आणि मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक. बागेतील झाडांची अचूक चित्रे हवीत म्हणून त्याने एक चित्रकार नेमला. १८४७ ते १८५० या काळात दीडशेहून अधिक जलरंगचित्रे तयार झाली. आज ती एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत.

१२/ वनस्पतीचे चित्र हे जलरंगातील कठीण काम. पाकळीचा रंग तासाभरात उतरतो, तोडलेली फांदी दुपारपर्यंत मलूल होते. पानाच्या शिरा, पुंकेसरांची संख्या, बीजाची ठेवण यांपैकी एकही गोष्ट चुकली तर शास्त्रज्ञाच्या लेखी चित्र निरुपयोगी. दापोडीच्या चित्रकाराने हे सारे सांभाळले. तो ‘पोर्तुगीज’ वंशाचा भारतीय होता एवढेच कागदपत्रांतून कळते. त्याचे नाव कोणीही लिहून ठेवले नाही. झाडांना लॅटिनमधील दुहेरी नावे मिळाली. ती झाडे रंगवणाऱ्याला एकही नाही.

१३/ या स्थितीत बदल कशामुळे झाला? दोन संस्थांचा यात मोठा वाटा आहे. १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना झाली. प्रदर्शनात चित्राखाली चित्रकाराचे नाव येते, चित्राला किंमत लावलेली असते, आणि ते विकत घेणारा अनोळखी माणूसही असू शकतो. एका धन्याच्या नोकरीऐवजी अनेक ग्राहक, ही चित्रकाराच्या स्वातंत्र्याची पहिली पायरी.

१४/ या नव्या काळाचा ठळक प्रतिनिधी म्हणजे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४). कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर जे. जे. मध्ये शिकले, तेथेच शिक्षक झाले, आणि संस्थानिक, प्रकाशक, रेल्वे कंपन्या, पोस्टकार्ड छापणारे अशा सर्वांची कामे त्यांनी स्वीकारली. जलरंगातील त्यांचा हात इतका वेगवान आणि नेमका होता की गर्दीच्या दृश्यातही प्रत्येकाच्या पागोट्याची बांधणी, लुगड्याची नेसण वेगळी ओळखू येते.

१५/ ऑटो रॉथफेल्ड या सनदी अधिकाऱ्याला भारतीय स्त्रियांवर पुस्तक लिहायचे होते. त्यासाठी त्याने धुरंधरांकडून ४८ रंगीत चित्रे करून घेतली आणि १९२० मध्ये ते पुस्तक मुंबईच्या तारापोरवाला यांनी प्रसिद्ध केले. मागणी साहेबाची, विषय साहेबाचा, पैसाही दुसऱ्याचा. तरीही पुस्तकावर लेखकाबरोबर एम. व्ही. धुरंधर हे नाव आहे. वेरूळच्या संग्रहापासून या पुस्तकापर्यंत जायला ११७ वर्षे लागली.

१६/ धुरंधर आणखी एक पाऊल पुढे गेले. १९४० मध्ये त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. आतापर्यंत चित्रकाराची हकीकत मागणी करणाऱ्याच्या कागदांतून कळत होती. आता चित्रकार स्वतःच आपल्या कामाची नोंद ठेवू लागला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या पुस्तकाचे मोल त्यातील चित्रांइतकेच वाटावे.

१७/ परंतु नाव छापले गेले म्हणजे ते टिकलेच, असे नाही. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) हे जलरंगाचे सिद्धहस्त चित्रकार. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कलाशाळा काढली. १९४५-४६ च्या सुमारास त्यांनी आपली कन्या गीता हिला समोर उभे करून एक चित्र रंगवले. हातात निरांजन धरलेली तरुणी, ज्योतीवर आडोशाला धरलेला तळवा, बोटांच्या फटींतून झिरपणारा तांबूस उजेड. तेच ‘ग्लो ऑफ होप’.

१८/ हे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. त्याच्या छापील प्रती देशभर गेल्या. हिंगणघाटपासून कोल्हापुरापर्यंत कोणत्याही गावातील वडीलधाऱ्यांना दाखवावे, ते चटकन ओळखतील. आणि त्यांतील कित्येक जण सांगतील, ‘हे राजा रविवर्म्याचे.’ रविवर्म्याचे निधन १९०६ साली झाले. हे चित्र त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी जन्मले. शिवाय रविवर्म्याची कीर्ती तैलरंगांची, आणि हे चित्र जलरंगातील.

१९/ येथे कोणी साहेब नव्हता, कोणी नाव पुसले नाही. चित्रकार स्वतंत्र होता, नामांकित होता. तरीही प्रतींवर प्रती निघत गेल्या, खालची ओळ कापली गेली, आणि पाहणाऱ्यांनी आपल्याला ठाऊक असलेले मोठे नाव तेथे बसवले. गंगाराम यांचे नाव मोठ्या माणसांच्या सावलीत झाकले, दापोडीच्या चित्रकाराचे लिहिलेच गेले नाही, हळदणकरांचे प्रसिद्धीच्या लोटात वाहून गेले. कारणे तीन, परिणाम एकच.

२०/ आजचा कायदा याविषयी काय म्हणतो? भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार, मोबदला देऊन चित्र वा व्यक्तिचित्र काढून घेतले आणि वेगळा करार झालेला नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक मागणी करणारा ठरतो. मॅलेटच्या काळची रीत अजूनही कायद्यात शिल्लक आहे. चित्रकाराने आधी काढून ठेवलेले चित्र विकत घेतले तर मात्र घरी येतो तो कागद; केवळ खरेदीमुळे प्रती काढण्याचा हक्क मिळत नाही.

२१/ याच कायद्याचे कलम ५७ मात्र वेगळे सांगते. कॉपीराइट कोणाकडेही गेला तरी ‘ही कृती माझी आहे’ असे म्हणण्याचा हक्क निर्मात्याकडेच राहतो. कलम ५३-अ प्रमाणे मूळ चित्र पुढे दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर चित्रकाराला त्या किमतीत वाटा मागता येतो; अट एवढीच की तो स्वतः पहिला मालक असावा. म्हणजे करार न करता मागणीचे काम स्वीकारणारा चित्रकार हा वाटाही गमावतो. दोन ओळींचा लेखी करार किती मोलाचा, हे यावरून कळावे.

२२/ आज हिंगणघाटमधील एखादे कुटुंब आजोबांचे व्यक्तिचित्र किंवा जुन्या वाड्याचे दृश्य एखाद्या तरुण चित्रकाराकडून जलरंगात करून घेईल, तेव्हा ते नकळत याच परंपरेत उभे असेल. आगाऊ रक्कम, आकार, मुदत हे सारे ठरवले जाते. त्यातच एक गोष्ट ठरवता येते. कागदाच्या मागच्या बाजूस पेन्सिलीने लिहावे: चित्रकाराचे नाव, गाव, साल, कोणाचे चित्र, कोणासाठी काढले. चित्र चौकटीत जाण्यापूर्वी हे लिहावे, आणि मागील बाजू गोंदाने पुठ्ठ्याला चिकटवू नये. नाहीतर लिहिलेलेही कोणाला दिसणार नाही.

२३/ शंभर वर्षांनी घराण्याचा व्यवसाय बदललेला असेल, वाडा पडलेला असेल. चौकट उघडणाऱ्या कोणा पणतवंडाच्या हाती तो कागद येईल. हिंगणघाटच्या कापसाचे नाव सातासमुद्रापलीकडे टिकले, कारण ते गाठीबरोबर पाठवण्याची रीत होती. चित्राच्या बाबतीत ती रीत पाळायला एक पेन्सिल पुरते. दापोडीच्या बागेत ती कोणी उचलली असती, तर या धाग्यात आज आणखी एक नाव असते.