महर्षी कर्वे यांचे महिला विद्यापीठ आणि जपानचा आदर्श

धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारतवर्षीय महिला विद्यापीठामागे टोकियोतील जपान महिला विद्यापीठाचा आदर्श होता. पाश्चात्त्य विद्या स्वीकारावी, परंतु ती स्वभाषेतून व स्वसमाजाच्या गरजा ओळखून, हा जपानच्या आधुनिकीकरणातील विचार या संस्थेद्वारे महाराष्ट्राच्या उच्च शिक्षणात आला. आज ही संस्था श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी (एसएनडीटी) महिला विद्यापीठ या नावाने ओळखली जाते.

जपानमधील पार्श्वभूमी

१८६८ च्या मेइजी पुनःस्थापनेनंतर जपानने पाश्चात्त्य संस्थांचा पद्धतशीर अभ्यास केला. इवाकुरा शिष्टमंडळाने १८७१ ते १८७३ या काळात अमेरिका व युरोपचा दौरा केला. १८७२ मध्ये शिक्षणसंहिता जाहीर झाली. उच्च शिक्षणात प्रारंभी परदेशी अध्यापक परकीय भाषांतून शिकवीत. पुढे परदेशांत शिकून आलेल्या जपानी अध्यापकांनी त्यांची जागा घेतली व शास्त्रीय परिभाषा जपानीत घडवली गेली. ‘वाकोन योसाई’ (जपानी आत्मा, पाश्चात्त्य विद्या) हे या धोरणाचे ब्रीद होय. अमेरिकेत अध्ययन केलेले नारुसे जिन्झो (१८५८–१९१९) यांनी १९०१ मध्ये जपान महिला विद्यापीठ स्थापन केले. स्त्रीला प्रथम माणूस, मग स्त्री आणि त्यानंतर राष्ट्राची घटक म्हणून शिक्षण द्यावे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

पुण्यातील स्थापना

या संस्थेची माहितीपुस्तिका कर्वे यांच्या वाचनात आली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईतील राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी महिला विद्यापीठाची योजना मांडली. पुढील वर्षी अवघ्या पाच विद्यार्थिनींसह अध्यापन सुरू झाले. मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम होते आणि इंग्रजी हा अनिवार्य विषय होता. रा. गो. भांडारकर कुलपती, तर र. पु. परांजपे कुलगुरू झाले. टोकियोतील विद्यापीठ पाहून प्रभावित झालेले सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये पंधरा लाख रुपयांची देणगी दिली.

साम्य आणि भेद

दोन्ही संस्थांमध्ये आधुनिक विषयांबरोबर गृहजीवनोपयोगी शिक्षणास स्थान होते. स्त्रियांसाठी असा वेगळा अभ्यासक्रम असावा की पुरुषांच्या बरोबरीचाच, हा वाद महाराष्ट्रातील सुधारकांमध्ये आधीपासून होता.

मूलभूत भेद सत्तेचा होता. जपानमध्ये स्वतंत्र शासनाने स्वभाषेतील शिक्षणाला बळ दिले. पारतंत्र्यातील भारतात मात्र उच्च शिक्षणाची व सरकारी नोकरीची भाषा इंग्रजी होती. त्यामुळे मातृभाषेतून मिळवलेल्या पदवीला शासनमान्यता नव्हती आणि विद्यापीठाला वर्गणी व देणग्यांवर विसंबावे लागले. स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, या विद्यापीठास वैधानिक दर्जा प्राप्त झाला. स्वभाषेतून ज्ञान देण्याच्या या प्रयोगाला शासनमान्यतेसाठी पस्तीस वर्षे वाट पाहावी लागली.