गंगाराम तांबट आणि पेशव्यांचा गेंडा

१५१५ साली जर्मन चित्रकार ड्यूररने गेंड्याचं प्रसिद्ध चित्र केलं, पण गेंडा त्याने कधी पाहिलाच नव्हता. गुजरातच्या सुलतानाने दिलेला तो गेंडा गोव्यामार्गे लिस्बनला पोचला होता. ड्यूररने त्याचं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन यांवरच भागवलं. म्हणून चित्रात अंगावर चिलखत दिसतं आणि खांद्यावर एक जास्तीचं शिंग! तरी युरोपातली पुस्तकं दोनशेहून अधिक वर्षं तेच उतरवत राहिली.

आता पुण्यात या. नोव्हेंबर १७९०. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा गंगाराम तांबट या मराठी चित्रकाराने जलरंगात काढला. जनावर समोर होतं, शिंग एकच. हे चित्र आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

गंगाराम इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटसाठी काम करायचा. मॅलेटच्या सांगण्यावरून त्याने वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं केली. १७९१ साली मुंबईत आलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुढे पुण्यात आला. शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली आणि गंगारामला पाश्चात्त्य पद्धत थेट शिकता आली. त्याच काळात जपानचा शिबा कोकान ही पद्धत मुख्यतः डच पुस्तकं पाहून शिकत होता. १७८३ मध्ये त्याने ताम्रपटावर छापचित्रही करून दाखवलं. कोकानचं नाव जपानी कलेच्या इतिहासात पक्कं बसलं. आपल्या गंगारामचं नाव किती जणांनी ऐकलंय?

कारण शोधायला लांब जायला नको. वेरूळला वेल्सच्या मदतीला गंगाराम होता. वेल्स १७९५ मध्ये वारला. १८०३ मध्ये लंडनला वेरूळच्या २४ चित्रांचा ग्रंथ निघाला, त्याच्या शीर्षकात नावं आली वेल्स आणि थॉमस डॅनियल यांची.

हे वाचलं तेव्हा मी आर्वीकडच्या विहिरींच्या पाण्यावरचा माझा पेपर लिहीत होते. कोणती विहीर उन्हाळ्यात आटते, कुठलं पाणी मचूळ लागतं, हे सगळं गावातल्या एका दादांनी दाखवलं होतं. माझ्या मसुद्यात त्यांचा उल्लेख होता, 'स्थानिक मदतनीस' असा. त्या रात्री फाइल उघडली, दादांना फोन करून विचारलं आणि त्यांचं पूर्ण नाव टाकलं.

संशोधनाला लागताय ना? मग पहिल्या दिवसापासून वहीत एक रकाना ठेवा: हे कोणी पाहिलं, कोणी दाखवलं.